तापीखोऱ्यातील पहिले दोनशे तास : खानदेशच्या धावपट्ट्या आणि परदेशी नोकरीतील वैमानिक

जळगाव, धुळे आणि शिरपूर येथील धावपट्ट्यांचा इतिहास प्रवासी वाहतुकीच्या अंगाने लिहायचा म्हटला, तर तो दोन-चार परिच्छेदांत आटोपतो. परंतु वैमानिकाच्या व्यवसायाच्या अंगाने त्यांच्याकडे पाहिले, तर आखाती देशांतील किंवा आग्नेय आशियातील विमान कंपन्यांत नोकरी करणाऱ्या भारतीय वैमानिकांच्या आयुष्याचा पहिला टप्पा ज्या ठिकाणी घडतो, त्या ठिकाणांत खानदेशाचा समावेश करावा लागतो. या व्यवसायाची दोन टोके एकमेकांपासून फार दूर आहेत. एका टोकाला दोन किंवा चार आसनांचे एका इंजिनाचे विमान आणि धुळ्याजवळच्या गोंदूर किंवा जळगावजवळच्या कुसुंब्याच्या शिवारावरच्या घिरट्या आहेत, तर दुसऱ्या टोकाला चौदा-सोळा तासांचे सलग उड्डाण, चार वैमानिकांचा चमू आणि परक्या देशातील करारावरची नोकरी आहे. या दोन टोकांना जोडणारा धागा म्हणजे उड्डाणाचे तास. हे तास कोठे, कोणाच्या खर्चाने आणि कोणत्या परिस्थितीत जमा होतात, याचा विचार केल्याशिवाय वैमानिकांच्या स्थलांतराचा इतिहास पुरा होत नाही, आणि नेमका तोच भाग आजवर दुर्लक्षित राहिला आहे.

खानदेश म्हणजे उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठा-सातमाळ्याचे डोंगर यांच्यामध्ये पसरलेले तापी, गिरणा आणि पांझरा यांचे खोरे. ब्रिटिश अमदानीतील एकसंध खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर ते अनुक्रमे जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. कापूस आणि केळी ही या प्रदेशाची सर्वपरिचित ओळख असली, तरी घरापासून दूर, घड्याळाच्या उलट्या वेळांना चालणाऱ्या नोकरीची ओळख या मुलखाला विमान येण्याच्या फार आधी झालेली होती. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६०च्या दशकात भुसावळला पोहोचला, तेथून एक फाटा नागपूरकडे आणि दुसरा खंडव्यामार्गे जबलपूरकडे गेला, आणि भुसावळ हे इंजिन-चालकांचे व गार्डांचे गाव बनले.

रेल्वेच्या भाषेत ज्यांना ‘रनिंग स्टाफ’ म्हणतात, त्या कर्मचाऱ्यांचे जीवन आणि लांब पल्ल्याच्या वैमानिकाचे जीवन यांतील साम्य केवळ वरवरचे नाही. गाडी घेऊन परगावी गेलेल्या चालकाने तेथील ‘रनिंग रूम’मध्ये, म्हणजे रेल्वेने चालवलेल्या विश्रामगृहात, ठरावीक तास झोप घ्यायची, रात्री-अपरात्री निरोप येताच उठायचे आणि परतीची गाडी आणायची, ही पद्धत भुसावळच्या रेल्वे वसाहतीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मूळ पगाराखेरीज जितके अंतर गाडी चालवली तितका भत्ता मिळावा, या ‘माइलेज’च्या व्यवस्थेचेच रूप विमान कंपन्यांच्या तासागणिक भत्त्यात दिसते. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की रेल्वेने आपला चालक स्वतःच्या खर्चाने घडवला. भुसावळला रेल्वेची प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि शिकाऊ उमेदवार पगार घेत शिकला. वैमानिकाला मात्र आपले शिक्षण आधी विकत घ्यावे लागते आणि नोकरी नंतर शोधावी लागते.

भारतातील नागरी उड्डाण-शिक्षणाचा आरंभ १९२७ ते १९२९ या काळात झाला. ‘एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा’ या संस्थेच्या छत्राखाली दिल्ली, कलकत्ता, कराची आणि मुंबई येथे सरकारी साहाय्याने फ्लाइंग क्लब निघाले. मुंबईचा ‘बॉम्बे फ्लाइंग क्लब’ १९२८ साली जुहूला स्थापन झाला, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्या काळी उडायला शिकणारा मनुष्य बहुधा संपन्न घरातला असे आणि उड्डाण हा त्याचा छंद असे. उदरनिर्वाहाचे साधन म्हणून या विद्येकडे पाहण्याची वृत्ती १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांची कराची-मुंबई हवाई टपाल सेवा सुरू झाल्यानंतर हळूहळू आली. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलाने निरुपयोगी होई आणि टपालाची विमाने त्या दिवसांत पुण्याला उतरवावी लागत, ही बाब पुढील इतिहासाच्या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखी आहे; कारण मुंबईची हवा आणि मुंबईची जागा या दोहोंनी उड्डाण-शिक्षणाला आरंभापासून मर्यादा घातल्या होत्या, आणि त्याच मर्यादांमुळे पुढे हे शिक्षण घाटावर आणि खानदेशात आले.

स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडिया इंटरनॅशनलचे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले आणि लांब पल्ल्याचा भारतीय वैमानिक ही नवी व्यावसायिक जात उदयाला आली. १९५३च्या कायद्याने सर्व नियमित विमानसेवांचे राष्ट्रीयीकरण झाल्यामुळे पुढची चार दशके वैमानिकाला देशात दोनच मोठे मालक होते : परदेशी मार्गांसाठी एअर इंडिया आणि देशांतर्गत मार्गांसाठी इंडियन एअरलाइन्स. जागा मोजक्या, सेवा कायमची आणि निवृत्तिवेतन ठरलेले, असा तो काळ होता. त्याच काळात, १९८५ साली, कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी केवळ स्त्रियांचा चमू असलेल्या फोकर फ्रेंडशिप विमानाचे नेतृत्व कलकत्ता-सिल्चर मार्गावर केले. आज भारतातील वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १५ टक्के असून जगाच्या सरासरीच्या ते कितीतरी पुढे आहे, त्याची ही सुरुवातीची पायरी होती.

वैमानिकांच्या परदेशी नोकरीचा मोठा ओघ या व्यवस्थेच्या बाहेर तयार झाला. बहारीनमध्ये १९५० साली निघालेली आणि पुढे ‘गल्फ एअर’ म्हणून ओळखली गेलेली कंपनी, २५ ऑक्टोबर १९८५ रोजी दुबईहून सुरू झालेली ‘एमिरेट्स’, १९९४ पासून उडणारी ‘कतार एअरवेज’ आणि २००३ सालची ‘एतिहाद’ या कंपन्यांच्या देशांत नागरिकांची संख्या थोडी आणि विमानांची संख्या झपाट्याने वाढणारी होती, त्यामुळे वैमानिक बाहेरून आणणे हा त्यांच्या कारभाराचा पायाच ठरला. भारतात १९९४ साली राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्द होऊन खाजगी कंपन्यांना रीतसर वाट मोकळी झाली. त्यानंतर देशात वैमानिकांची मागणी वाढली, पण ती स्थिर राहिली नाही. २०१२ साली किंगफिशर आणि १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेज बंद पडली तेव्हा हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक एकाएकी बेकार झाले आणि त्यांतील अनेकांनी परदेशी कंपन्यांचे दार ठोठावले. २०२०च्या साथीत त्याच परदेशी कंपन्यांनी कपात केली आणि अनेकांना कुटुंबकबिल्यासह परतावे लागले. परदेशी नोकरी म्हणजे सुखाची पर्वणी, ही गावाकडची समजूत या दोन-तीन आवर्तनांकडे पाहिले की टिकत नाही.

जळगावची धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याने १९७३ साली सुमारे ६१ लाख रुपये खर्चून कुसुंबा शिवारात बांधली. धुळ्याची धावपट्टी गोंदूरला झाली, आणि पुढे शिरपूर तालुक्यात तांडे येथे खाजगी शैक्षणिक संस्थेची धावपट्टी तयार झाली. पहिल्या दोन्ही पट्ट्या जिल्ह्याच्या ठिकाणी मंत्र्यांचे किंवा अधिकाऱ्यांचे विमान उतरावे, आपत्तीच्या वेळी मदत पोहोचावी, एवढ्याच अपेक्षेने झालेल्या होत्या. जळगावचा विमानतळ १९९७ साली नगरपालिकेकडे आणि २००७ साली पुन्हा राज्य शासनाकडे गेला, २००९ साली भारतीय विमानतळ प्राधिकरणाशी करार झाला, आणि जळगाव जिल्ह्याच्या कन्या असलेल्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या कारकिर्दीत त्याचे नूतनीकरण झाले. (याच राष्ट्रपतींनी २५ नोव्हेंबर २००९ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० या लढाऊ विमानातून उड्डाण केले होते, हे खानदेशात अजून अभिमानाने सांगितले जाते आणि ते योग्यच आहे.) ‘उडान’ योजनेखाली २३ डिसेंबर २०१७ रोजी एअर डेक्कनचे छोटे विमान मुंबई-जळगाव मार्गावर आले, ती सेवा टिकली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेट आली, तीही पुढे थांबली. २०२४ पासून फ्लाय-९१ची विमाने येऊ लागली. प्रवासी सेवांची ही ये-जा चालू असताना धावपट्टीला पुढे नियमित काम पुरवले ते प्रशिक्षणाने.

हे प्रशिक्षण खानदेशात येण्याची कारणे भूगोलात आणि मुंबईच्या गर्दीत सापडतात. जुहूच्या शेजारीच सांताक्रूझचा आंतरराष्ट्रीय विमानतळ, जुहूवर स्वतःची हेलिकॉप्टरांची वर्दळ, आणि सभोवार दाट वस्ती, अशा आकाशात शिकाऊ मुलाला तासन्‌तास घिरट्या घालू देणे अशक्य होत गेले; म्हणून बॉम्बे फ्लाइंग क्लबने एकविसाव्या शतकात आपले उड्डाण-प्रशिक्षण धुळ्याला हलवले. शिरपूरला श्री विलेपार्ले केळवणी मंडळाच्या छत्राखाली वैमानिकी अकादमी उभी राहिली. २०२० साली विमानतळ प्राधिकरणाने प्रशिक्षण संस्थांवरील महसुली वाट्याची अट काढून टाकली आणि २०२१ साली देशातील पाच विमानतळांवर नऊ नव्या अकादम्यांना जागा दिल्या. बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि आसामातील लीलाबारी यांच्या जोडीला जळगाव होते, आणि जळगावच्या वाट्याला दोन संस्था आल्या. वर्षातील आठ महिने कोरडी हवा, मोकळे आकाश, तुरळक प्रवासी वाहतूक आणि आणीबाणीत विमान उतरवता येईल अशी सपाट काळी शेते, हा तापीखोऱ्याचा गुण या व्यवसायाला नेमका मानवला.

तथापि खानदेशचा उन्हाळा या विद्येला सोपा जात नाही. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, प्रोपेलरचा पंखा हवेला कमी रेटतो आणि इंजिनाची ताकदही घटते. विमानशास्त्रात हा परिणाम ‘घनता-उंची’ने मोजतात, म्हणजे विमान प्रत्यक्ष ज्या उंचीवर आहे ती नव्हे, तर त्या हवेत ते ज्या उंचीवर असल्यासारखे वागते ती उंची. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंचीवरील जळगावच्या धावपट्टीवर ४५ अंश तापमानात ही घनता-उंची सुमारे १,४०० मीटरपर्यंत पोहोचते. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी कुसुंब्याहून उडणारे विमान महाबळेश्वराच्या पठारावरून उडाल्यासारखे धापा टाकत वर चढते. म्हणूनच उन्हाळ्यात प्रशिक्षणाची गर्दी पहाटे आणि सकाळी असते, दुपार वर्गातील अभ्यासाला दिली जाते, आणि पावसाळ्यात ढग खाली आले की अनेक दिवस विमाने जागेवरच राहतात. या विलंबाचा भुर्दंड विद्यार्थ्यालाच सोसावा लागतो, कारण गावात राहण्याचा खर्च थांबत नाही.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी भारतात किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी १०० तास विमानाची संपूर्ण जबाबदारी स्वतःवर घेऊन, ठरावीक तास केवळ उपकरणांच्या आधारे आणि काही तास रात्री करावे लागतात. शिवाय किमान ३०० सागरी मैलांची, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरची, एक फेरी वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पुरी करावी लागते. या तासांचा मोठा हिस्सा ‘सर्किट’ नावाच्या आयताकृती फेऱ्यांत जातो. धावपट्टीवरून उठायचे, सुमारे हजार फुटांवर जाऊन डावीकडे वळायचे, पट्टीला समांतर उलट दिशेने जायचे, तेथे उतरण्यापूर्वीच्या तपासण्या तोंडाने म्हणत पुऱ्या करायच्या, पुन्हा दोनदा वळून समोर पट्टी धरायची, चाके टेकताच इंजिनाला पुन्हा जोर देऊन वर उठायचे, आणि हेच तासाभरात अनेकदा करायचे. प्रत्येक उड्डाण संपले की तारीख, ‘व्हीटी’ या भारतीय अक्षरांनी सुरू होणारा विमानाचा क्रमांक, कोठून कोठे, किती मिनिटे, प्रशिक्षक बरोबर की एकटे, अशी नोंद ‘लॉगबुक’मध्ये होते आणि ती प्रमाणित केली जाते. शेतकऱ्याच्या घरात सातबारा जसा जपला जातो तशी ही वही जपली जाते, आणि तिचे कारण भावनिक नाही. पुढील तीस-पस्तीस वर्षांत प्रत्येक देश, प्रत्येक कंपनी आणि प्रत्येक परवाना याच वहीतील बेरजेवर उमेदवाराची लायकी ठरवतो.

ही बेरीज जिवावर बेतू शकते. १६ जुलै २०२१ रोजी एक प्रशिक्षण विमान चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वर्डी शिवारात कोसळले; त्यात प्रशिक्षकाचा मृत्यू झाला आणि प्रशिक्षणार्थी तरुणी गंभीर जखमी झाली. रस्ता नसलेल्या त्या डोंगराळ जागेतून स्थानिक आदिवासी गावकऱ्यांनी कापडाची झोळी करून तिला पावसात खाली आणले. पूर्व खानदेशाच्या मैदानावर शिकणाऱ्याच्या उत्तरेला सातपुड्याची भिंत सतत उभी असते, आणि पावसाळी ढगांत ती दिसेनाशी होते. ज्यांचा विमान-व्यवसायाशी काडीचा संबंध नाही, त्या माणसांनी त्या दिवशी या व्यवसायावर केलेले उपकार त्याच्या इतिहासात ठळकपणे नोंदले जायला हवेत.

या शिक्षणाचा खर्च आज पन्नास लाख रुपयांच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात, त्यामुळे मध्यमवर्गीय घरात हे तारण म्हणजे राहते घर किंवा शेतजमीनच असते. अशा परिस्थितीत खानदेशातील धावपट्ट्यांवर शिकणारी मुले मोठ्या प्रमाणावर बाहेरून येतात आणि स्थानिक मुले संख्येने कमी राहतात, हे ओघानेच आले. परवाना मिळाला तरी नोकरी हाती येत नाही. विशिष्ट प्रकारच्या मोठ्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण, ज्याला ‘टाइप रेटिंग’ म्हणतात, ते करण्यासाठी पुन्हा लाखो रुपये लागतात. अनेक नवपरवानाधारक म्हणून प्रशिक्षक होतात, आणि ज्या आकाशात शिकले त्याच आकाशात इतरांना शिकवत तास वाढवत राहतात.

परदेशात जाण्याची वाट यानंतर कितीतरी वर्षांनी उघडते. १९४४च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देश आपले परवाने स्वतः देतो. दुसऱ्या देशाचा परवाना मान्य करायचा की नाही, हे त्या-त्या देशाच्या नियामक संस्थेच्या हाती असते. म्हणून भारतीय परवाना घेऊन दुबईला किंवा दोह्याला गेलेल्या वैमानिकाला तेथील परीक्षा, तेथील वैद्यकीय तपासणी आणि तेथील सिम्युलेटरवरील चाचणी पुन्हा द्यावी लागते. सिम्युलेटर म्हणजे विमानाच्या कॉकपिटची हलणारी, हुबेहूब यांत्रिक प्रतिकृती. वैमानिकाचा सर्वोच्च परवाना १,५०० तासांनंतर मिळतो, आणि परदेशी कंपन्या त्याहूनही पुष्कळ अधिक अनुभव मागतात. बहुतेक भारतीय वैमानिक त्यामुळे देशातील कंपन्यांत पाच-दहा वर्षे काढूनच बाहेर पडतात.

लांब पल्ल्याच्या नोकरीतील आयुष्य आकड्यांत पाहिले की खानदेशातील त्या दोनशे तासांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. थकव्यावर नियंत्रण राहावे म्हणून बहुतेक देशांनी वैमानिकाच्या उड्डाणावर २८ दिवसांत १०० तास आणि वर्षाला ९०० ते १,००० तास, अशा स्वरूपाची मर्यादा घातली आहे. धुळ्याला किंवा जळगावला जे तास जमवायला वर्ष-दीड वर्ष लागते, ते लांब पल्ल्याच्या विमानात अडीच-तीन महिन्यांत पुरे होतात. पण दोन्हीकडचा तास सारखा नसतो. दुबईहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जाणाऱ्या सोळा तासांच्या उड्डाणात चार वैमानिक असतात, ते पाळीपाळीने विमानातील बंद कक्षात झोपतात, आणि विमान उठवणे व उतरवणे ही कामे चौघांपैकी एखाद्याच्याच वाट्याला येतात. नव्वद दिवसांत किमान तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे केल्याशिवाय विमान चालवण्याचा हक्क चालू राहत नाही, म्हणून लांब पल्ल्याच्या काही वैमानिकांना ती संख्या सिम्युलेटरमध्ये भरून काढावी लागते. गोंदूरच्या सर्किटमध्ये एका सकाळी जितकी अवतरणे होतात, तितकी या माणसाला महिनाभरातही मिळत नाहीत. हाताचे कसब पहिल्या दोनशे तासांत बसते आणि पुढची सारी वर्षे ते टिकवण्यात जातात, असे म्हणणे म्हणूनच अतिशयोक्तीचे नाही.

पहाटे दोन ते सहा या वेळेत माणसाचे शरीर सर्वांत मंद असते, आणि आखाती विमानतळांवरची वर्दळ नेमकी मध्यरात्रीनंतर भरात येते. वैमानिकाचे महिन्याचे वेळापत्रक, म्हणजे ‘रोस्टर’, आधी थोडेच दिवस हाती पडते. सण, लग्नकार्य, आई-वडिलांचे आजारपण यांना त्यात आपोआप जागा नसते, ती मागून घ्यावी लागते. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरची परीक्षा आणि ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी होते, आणि त्यांतील एक जरी फसली तरी उड्डाण थांबते. पगाराबरोबर घरभाडे, मुलांच्या शाळेची फी आणि वर्षाला मायदेशाचे तिकीट मिळते खरे, पण राहण्याचा परवाना नोकरीला जोडलेला असल्याने नोकरी गेली की घर, शाळा आणि देश तिन्ही एकदम सुटतात. भुसावळच्या रेल्वेवाल्याला रनिंग रूममधून परतल्यावर आपले गाव तरी होते.

या स्थलांतराला आळा घालण्याचा प्रयत्न भारतीय शासनाने नियमांच्या मार्गाने केला. २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने राजीनाम्यानंतर नोकरीत राहण्याची सक्तीची मुदत कमांडरसाठी, म्हणजे विमानाच्या प्रमुख वैमानिकासाठी, एक वर्ष आणि सहवैमानिकासाठी सहा महिने ठरवली. वैमानिक संघटनांनी तिला विरोध केला, आणि तो विरोध रास्त होता, कारण इतकी दीर्घ मुदत फार थोड्या व्यवसायांत आढळते. देशात कमांडरांची चणचण असताना भारतीय कंपन्यांनी स्वतः परदेशी वैमानिक तात्पुरत्या परवानगीवर आणले होते, हेही विसरता येत नाही. २०२५ साली भारताने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेपुढे असा प्रस्ताव मांडला की एका देशाने दुसऱ्या देशातील अनुभवी वैमानिक आणि तंत्रज्ञ ओढून घेण्याबाबत आचारसंहिता असावी, कारण नवे वैमानिक घडवण्याचा भार मूळ देशावर पडतो. हा भार खरा आहे. मात्र खानदेशातील धावपट्ट्यांवर पाहिले तर त्याचा पहिला आणि सर्वांत जड हिस्सा देशाने किंवा कंपन्यांनी उचललेला दिसत नाही, तो विद्यार्थ्याच्या घराने गहाणखतावर सही करून उचललेला असतो, आणि त्याची फेड पूर्ण होईपर्यंत त्या घरातील वैमानिकाने कोणत्या देशात नोकरी करावी हे बहुतांशी त्या कर्जाच्या हप्त्यानेच ठरत राहते.